उतरंड, शिंके आणि सहा कड्यांची पट्टी



मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाला स्मृतिव्याख्यानासाठी बोलावले म्हणजे तो संतवाङ्मयावर, फार तर वऱ्हाडी बोलीवर बोलेल अशी अपेक्षा असते. ती रास्तच आहे. मी मात्र आज एका अगदी क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूचा इतिहास आपल्यापुढे मांडणार आहे. पेयांचे डबे किंवा बाटल्या एकत्र धरून ठेवणारे साधन, हा तो विषय. अमेरिकेत त्यासाठी सहा भोके पाडलेली प्लास्टिकची एक लवचीक पट्टी वापरात आली आणि तिने पुढे कायदेमंडळापर्यंत मजल मारली. आपल्याकडे ती फारशी आलीच नाही. ती का आली नाही आणि तिच्या जागी काय आले, याचा शोध घेऊ लागलो तेव्हा हा विषय आपल्या स्वयंपाकघरातून, संत्र्याच्या बागेतून, जाम नदीच्या पात्रातून आणि माझ्या जन्मभराच्या व्यवसायातून, म्हणजे शब्दांतून जातो असे ध्यानात आले. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत ते वर्गात एखादा शब्द आला की वस्तू समोर ठेवल्याखेरीज पुढे सरकत नसत. तेव्हा विषयांतर केले असे त्यांना तरी वाटले नसते.

प्रथम शब्दांकडे वळू. एकाहून अधिक वस्तू एकत्र बांधण्याच्या वा रचण्याच्या क्रियेला मराठीने किती नावे दिली आहेत ते पाहा. लाकडांची मोळी, गवताचा भारा, कडब्याची पेंढी, कोथिंबिरीची जुडी, केळ्यांची फणी, लसणाची वेणी, फुलांची लड, नोटांची गड्डी, कापडाचा गठ्ठा, नाण्यांची चळत, पोत्यांची थप्पी. यांतला एकही शब्द दुसऱ्याच्या जागी चालत नाही. कोथिंबिरीची मोळी म्हटले तर बाजारातली बाई हसेल. याचे कारण असे की या शब्दांत केवळ समूहाचा बोध नाही. तो समूह कशाने धरला आहे, तो डोक्यावरून जातो की हातातून, सोडायचा कसा, हे सर्व त्यात गृहीत आहे. जुडी मुठीत मावते, भाऱ्याला डोके लागते.

द्रवपदार्थांची भांडी हा मात्र या व्यवहारातला सर्वांत अवघड भाग. गवत दाबून बांधता येते. भांडे दाबले की फुटते, कलंडले की सांडते. म्हणून भांड्यांपुरती मराठी माणसाने वेगळी व्यवस्था केली. तिची तीन रूपे मला महत्त्वाची वाटतात. घरात ठेवायची ती उतरंड, छताला टांगायचे ते शिंके आणि खांद्यावरून न्यायची ती कावड. उतरंडीत खाली मोठे मडके, त्यावर लहान, त्याहून वर त्याहून लहान. प्रत्येक मडक्याची बैठक खालच्याच्या तोंडात बसते. वेगळा आधार लागतच नाही. भांडी एकमेकांनाच धरून ठेवतात. तीच युक्ती चुंबळीची. कापडाचे एक वेटोळे गोल बुडाला स्थिर करते आणि दोन-तीन घागरी घेऊन बाई नदीची दरड चढून येते. आपल्या गौळणींतल्या गोपी मथुरेच्या बाजाराला निघतात त्या याच चुंबळीच्या भरवशावर.

शिंक्याची गोष्ट आणखी जुनी आहे. संस्कृतात शिक्य असा शब्द आहे. अमरकोशाच्या शूद्रवर्गात भारयष्टी, म्हणजे ओझे वाहण्याची काठी, आणि तिला लटकणारे शिक्य यांची जोडीने नोंद आहे. म्हणजे ज्याला आपण कावड म्हणतो तिची संपूर्ण रचना त्या कोशकाराला ठाऊक होती. एकनाथांनी काशीची गंगा रामेश्वराला नेताना वाटेत तहानेल्या गाढवाला पाजली, ती कावडीतली गंगा होती. शिखर शिंगणापूरच्या यात्रेत चैत्रात कावडी चढतात त्याही याच रचनेच्या. शिंके घरातून जवळजवळ गेले तरी गोपाळकाल्यात टिकले आणि म्हणीतही टिकले. शिंके तुटले की बोक्याचे फावते, हे आपण सगळेच म्हणतो. आपल्या या दोन तालुक्यांत तर घरात शिंके आणि बाजारात छींका, अशी एकाच वस्तूची दोन नावे एकाच दिवसात कानावर पडतात. दोहोंचे मूळ शिक्य हेच. १९५६ च्या १ नोव्हेंबरला राज्यांची फेररचना झाली, नागपूर व विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेले आणि सौंसर-पांढुर्ण्याचा मराठी मुलूख मध्य प्रदेशात राहिला. तेव्हापासून आपल्या शब्दांना असे दोन दोन धनी आहेत.

शिंक्याच्या रचनेचा थोडा विचार करू, कारण पुढे त्याची तुलना करावयाची आहे. दोरीचे तीन किंवा चार पदर, वर एक गाठ, खाली वेटोळ्याची बैठक. मडके ठेवले की पदर ताणले जातात आणि मडक्याच्या अंगाला लागतात. वजन जेवढे अधिक तेवढी पकड घट्ट. म्हणजे येथे ओझेच ओझ्याला धरते. मडके काढून घेतले की शिंके सैल पडते, त्याचा आकारच नाहीसा होतो. एखादा पदर तुटला तर तेवढाच नवा घालता येतो. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे आतली मडकी फुटत राहतात, बदलत राहतात, शिंके मात्र वर्षानुवर्षे तेच असते. धरणारे साधन धरल्या जाणाऱ्या वस्तूपेक्षा दीर्घायुषी, असा जुना न्याय होता.

हाच न्याय टोपलीलाही लागू होता. पांढुर्ण्याचे नाव बाहेरच्या जगाला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जामच्या पात्रात होणाऱ्या गोटमारीमुळे माहीत आहे. वर्तमानपत्रांना दगड दिसतात; ज्याने माल पाठवला आहे त्याला मात्र पांढुर्णा संत्र्यांमुळे माहीत असते. नागपूरकर रघूजीराजे भोसल्यांनी औरंगाबादकडून संत्र्याची रोपे आणली असे मानले जाते. तेथून ते झाड नागपूर, काटोल, वरूड, सौंसर, पांढुर्णा असे पसरले. आंबिया बहार दिवाळीच्या आगेमागे, मृग बहार फेब्रुवारीनंतर. सौंसरवरून नागपूर-छिंदवाड्याची अरुंदमापी गाडी १९१३ पासून धावू लागली. पांढुर्णा नागपूर-इटारसीच्या मोठ्या मार्गावर आला. फळ नाजूक आणि बाजार शेकडो कोस दूर, अशी स्थिती झाल्यावर फळाला एकत्र धरणारे साधन हीच व्यापाराची किल्ली ठरली. ते साधन बुरुडाने दिले. सातपुड्याचा बांबू, त्याच्या कामट्या, त्यांची टोपली, तळाशी आणि थरांमध्ये गवत, वरून सुतळीची शिवण. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातील जातींवर चार खंड प्रसिद्ध केले. त्यात बांबूकाम करणाऱ्या बसोरांची नोंद करताना मराठी मुलखातले त्यांचे नाव बुरूड हे दिले आहे. आमच्या प्रांतात हा धंदा लिहून ठेवण्याइतका ठळक होता.

या बुरुडाचे पुढे काय झाले हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने बांबूला झाड ठरवले. वनस्पतिशास्त्रदृष्ट्या तो गवताच्या कुळातला. पण कायद्याने झाड म्हटल्यावर तो तोडायला आणि वाहून न्यायला परवानगीचा कागद आला. शेताच्या बांधावरच्या बांबूचीही यातून सुटका नव्हती. वनक्षेत्राबाहेर उगवलेल्या बांबूला या व्याख्येतून वगळले गेले ते २०१७ च्या अखेरीस, म्हणजे नव्वद वर्षांनी. याच नव्वद वर्षांत लाकडी पेटी आली, पुठ्ठ्याचे खोके आले, प्लास्टिकचे क्रेट आले आणि त्यांतल्या प्लास्टिकला कोणत्याही नाक्यावर जंगलखात्याचा पास दाखवावा लागला नाही. बुरुडाची टोपली महाग होती म्हणून हरली असे अर्थशास्त्राचे अभ्यासक सांगतात. मला ते अर्धेच उत्तर वाटते. एका मालाच्या पायात कायद्याची बेडी होती, दुसऱ्याच्या नव्हती, हे त्या हिशेबात धरले पाहिजे.

आता पेयांकडे येऊ. बाटलीबंद पेय ही आपल्याकडे इंग्रजांबरोबर आलेली गोष्ट. मुंबईत रॉजर्सचा सोडा १८३७ पासून, पुण्यात अर्देशीर १८८४ पासून आणि मुंबईतच ड्यूक १८८९ पासून. पारशी मंडळींनी हा धंदा आपल्याकडे रुजवला. हायरम कॉड या इंग्रज गृहस्थाने १८७२ च्या सुमारास गळ्यात काचेची गोटी असलेली बाटली काढली. तीच आपली गोटी सोड्याची बाटली. तिच्या जन्मभूमीत ती केव्हाच अडगळीत गेली. आपल्या जत्रांतून आजही फटकन आवाज करीत उघडते. पुढे पत्र्याच्या दातेरी बुचाची बाटली आली. या सर्व बाटल्यांत एक गोष्ट समान होती. पेय विकले जाई, बाटली विकली जात नसे. दुकानापुढे उभे राहून प्यायचे आणि बाटली परत करायची. घरी न्यायची तर अनामत ठेवायची. दुकानदाराच्या भाषेत तिला डिपॉझिट म्हणत. बाटल्या ज्यातून येत त्या लाकडी पेटीत चोवीस खण असत, प्रत्येक बाटलीला आपले घर. रिकाम्या बाटल्या त्याच खणांतून कारखान्यात परत जात. शिंक्याचा न्याय येथेही चालू होता. पेय बदले, बाटली आणि पेटी फिरत राहत.

अमेरिकेत मात्र घडी वेगळी बसत होती. तेथे दुकानापुढे उभे राहून पिण्याऐवजी पेय घरी नेण्याची चाल वाढावी असे उत्पादकांना वाटू लागले. कोका-कोला कंपनीने १९२३ साली सहा बाटल्यांचा, वर मूठ असलेला पुठ्ठ्याचा खोका काढला. सहाच का, याची उत्तरे अनेक दिली जातात. एका हाताला पेलवेल एवढे ओझे, हे त्यांतले सर्वांत पटणारे. मग १९३५ च्या २४ जानेवारीला व्हर्जिनिया राज्यातील रिचमंड गावी क्रूगर कंपनीची बिअर पत्र्याच्या डब्यातून विक्रीला आली. डबा परत घ्यायचा नसतो. येथे तो जुना न्याय पहिल्यांदा मोडला. दुसऱ्या महायुद्धानंतर घरोघर शीतकपाट, दारात मोटार आणि गावाबाहेर प्रचंड दुकान, असे अमेरिकन जीवनाचे त्रिकूट जमले. आठवड्याचे सामान एकदाच आणायचे तर डबे सुटे कोण आणील? १९५९ मध्ये कूर्स कंपनीने ॲल्युमिनियमचा हलका डबा काढला. सहा हलके डबे एकत्र धरायचे तर खोकाही हलका हवा.

त्याच वर्षी, १९५९ मध्ये, ओग्लेशा जूल्स पूपिच या संशोधकाला डबे वाहण्याच्या एका साधनाचे पेटंट मिळाले. शिकागोच्या इलिनॉय टूल वर्क्स या कंपनीसाठी केलेले हे काम होते. कंपनीने त्यासाठी पुढे हाय-कोन नावाचा वेगळा विभागच चालवला. ज्या पॉलिथिनचे हे साधन, तो पदार्थ इंग्लंडमध्ये १९३३ साली एका फसलेल्या प्रयोगातून भांड्याच्या तळाशी मेणासारखा सापडला होता. पूपिचची कल्पना सांगायला अगदी सोपी आहे. पातळ, लवचीक पॉलिथिनच्या तावातून सहा कड्या एकमेकींना जोडलेल्या अशा कापून काढायच्या, दोन रांगांत तीन तीन. प्रत्येक कडीचे भोक डब्याच्या घेरापेक्षा मुद्दाम लहान ठेवायचे. डब्याचा व्यास साधारण ६६ मिलिमीटर. भोक त्याहून कमी. यंत्राचे जबडे कड्या ताणतात, डब्यांवर बसवतात आणि सोडून देतात. प्लास्टिक आपल्या मूळ मापाकडे परत येऊ पाहते, येऊ शकत नाही, आणि त्या प्रयत्नातच डब्याच्या ओठाखाली घट्ट बसते. वर दोन बोटे घालायला जागा. झाले, सहा डबे उचलले. खोका नाही, चिकटवणे नाही, वजन काही ग्रॅम. १९७० च्या दशकात या पट्टीने पुठ्ठ्याचे व पत्र्याचे जुने धारक मोठ्या प्रमाणावर हटवले. कमीत कमी पदार्थात जास्तीत जास्त काम हा कसोटीचा दगड मानला, तर ही रचना उत्तम म्हणावी लागेल. तिची निंदा करण्यापूर्वी एवढे श्रेय तिला दिले पाहिजे. नंतर बाटल्यांसाठी रुंद पट्ट्यांची, वर मूठ असलेली तिची भावंडे आली.

या वस्तूला मराठीत नाव नाही. या व्याख्यानापुरते तिला आपण कडीपट्टी म्हणू.

आता शिंके आणि कडीपट्टी शेजारी शेजारी ठेवा. दोन्ही भांड्याला गळ्याशी वा अंगाशी धरतात, दोन्ही एका हाताने उचलता येतात. पण शिंक्यात भार धरतो, कडीपट्टीत ताण धरतो. शिंके रिकामे झाले की सैल पडते. कडीपट्टीतून डबा काढला तरी कडी तशीच, गोल आणि बंद राहते. तिच्यातले सारे गुण येथेच आहेत आणि सारे दोषही येथेच आहेत. सहा डबे दुकानातून घरी पोहोचले की तिचे काम संपले, आणि काम संपल्यावरही तिचा फास उघडाच आहे. समुद्रपक्षी, सील, मासे, कासवे यांच्या माना आणि अंगे त्यात अडकू लागली. १९९३ साली अमेरिकेच्या मिसूरी राज्यात एक कासव सापडले. लहानपणी त्याच्या पाठीला अशी कडी अडकली होती. कासव वाढत गेले, कडी वाढली नाही; कवचाचा आकार मधोमध आवळलेल्या आठच्या आकड्यासारखा झाला. कडी कापून काढली, कासव जगले, कवच तसेच राहिले. भुईमुगाच्या शेंगेसारखे दिसते म्हणून त्याचे नावही शेंगदाण्यावरून ठेवले गेले. मिसूरी हे समुद्रकाठचे राज्य नव्हे, आपल्यासारखाच जमिनीने वेढलेला मुलूख आहे, याकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. समुद्राचे दुःख आपल्याला लांबचे वाटते म्हणून हे सांगितले.

अमेरिकेतील काही राज्यांनी १९७० च्या दशकातच या पट्टीवर बंधने घातली होती. १९८८ मध्ये तेथील काँग्रेसने कायदा केला की अशा कड्या निसर्गात विघटन पावणाऱ्याच असल्या पाहिजेत, आणि १९९४ मध्ये पर्यावरण संस्थेने त्याचे तांत्रिक नियम ठरवले. उपाय मोठा नामी होता. पॉलिथिनच्या साखळीत कार्बन मोनॉक्साइडचे अल्प प्रमाण मिसळायचे. सूर्याच्या अतिनील किरणांनी साखळी त्या त्या ठिकाणी तुटते आणि पट्टी ठिसूळ होते. नियमाची कसोटी अशी की उन्हात समुद्राच्या पाण्यावर ३५ दिवस ठेवल्यावर तिची ताणली जाण्याची शक्ती ५ टक्क्यांवर आली पाहिजे. ज्या ताणामुळे ती डब्याला धरत होती, तो ताणच मारून टाकायचा. प्राण्याच्या गळ्यातला फास यामुळे सुटतो, हे खरे. पण ठिसूळ झालेल्या पट्टीचे तुकडे होतात, तुकड्यांचे कण होतात, आणि कण राहतात. कायद्याने फासाचा बंदोबस्त केला, पदार्थाचा केला नाही. पुढे २०१६ मध्ये फ्लोरिडातल्या एका मद्यनिर्मात्याने धान्याच्या चोथ्यापासून केलेल्या, खाल्ल्या तरी अपाय न करणाऱ्या कड्यांची कल्पना मांडली. २०१८ मध्ये डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग कंपनीने कडी अजिबात काढून टाकून डबे एकमेकांना डिंकाच्या ठिपक्यांनी चिकटवले. भांड्यांनीच भांड्यांना धरावे, ही उतरंडीची युक्ती. अर्थात कोपनहेगनच्या त्या अभियंत्यांना उतरंड माहीत असण्याचे कारण नाही.

आपल्याकडे कडीपट्टी का आली नाही, याचे उत्तर आता सोपे आहे. तिला लागणारे त्रिकूट आपल्याकडे नव्हते. १९७७ मध्ये कोका-कोला देशाबाहेर गेली, देशी पेये त्या जागी आली, पण पिण्याची रीत तीच राहिली. दुकानापुढे उभे राहून एक बाटली, आणि बाटली परत. १९९३ मध्ये ती कंपनी परतली तोवर प्लास्टिकची बाटली दाराशी आलेली होती. तिच्यामागून पिण्याचे पाणीही बाटलीत शिरले. आमच्या पिढीला पाणी विकत घेण्याची कल्पना विनोदी वाटत असे. आता लग्नाच्या मांडवात मडके ठेवले तर तोच विनोद ठरेल. या बाटल्या बारा बारांच्या, चोवीस चोवीसांच्या गठ्ठ्यांनी येतात आणि त्यांना एकत्र धरणारी असते उष्णतेने आकसवलेली पारदर्शक प्लास्टिकची चादर. तत्त्व कडीपट्टीचेच. ताणाने धरायचे, ओझ्याने नव्हे. फरक एवढाच की कडीपट्टी काही ग्रॅमची होती आणि ही चादर सगळ्या गठ्ठ्याला गुंडाळते. मांडवात ती फाडतात आणि मागच्या बाजूला टाकतात. शिंक्याचे आयुष्य वर्षांचे आणि मडक्याचे महिन्यांचे होते. येथे पाणी एका घोटाचे, बाटली एका तासाची, चादरीचा उपयोग एका प्रवासाचा, आणि मातीतला तिचा मुक्काम मात्र आपल्या नातवंडांच्याही पुढचा.

तिला आपले लोक काय म्हणतात? पन्नी. हा शब्द मला फार दिवस छळतो आहे. पन्नी म्हणजे मुळात चकाकणारा पातळ पत्रा किंवा वर्ख, शोभेच्या वस्तूंना लावायचा. चमक या एका गुणावरून तो शब्द प्लास्टिकवर उतरला. नागपूरकडे पिशवीला झिल्ली म्हणतात. झिल्ली म्हणजे पातळ पापुद्रा. पुण्या-मुंबईकडे सरळ कॅरीबॅग. कोथिंबिरीला जुडी आणि गवताला भारा म्हणणारी भाषा येथे एकाच शब्दावर थांबली. मेथी पन्नीत, दूध पन्नीत, पाणी पन्नीत, पुस्तकही पन्नीत. वस्तू काय आहे, कशी धरायची, कशी सोडायची, याचा विचार ज्या साधनाला करावा लागत नाही, त्याला अनेक नावे लागत नाहीत. भाषा दरिद्री झाली म्हणून आपण इंग्रजीला आणि हिंदीला दोष देतो. या बाबतीत तरी दोष त्यांचा नाही, असे माझे मत आहे.

पन्नी जाते कोठे? पांढुर्ण्याची नाली जामला मिळते. जाम सौंसरच्या बाजूने कन्हानला, कन्हान वैनगंगेला, वैनगंगा वर्धेला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीला आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. शाळेत भूगोलाच्या तासाला हा क्रम आपण पाठ केला होता. त्या वेळी तो पाण्याचा प्रवास होता. गोटमारीच्या दिवशी नदीत उतरणाऱ्यांनी आणि पुलावरून पाहणाऱ्यांनी एकदा पात्रात दगडांखेरीज आणखी काय आहे तेही पाहावे.

कायदे आपल्याकडेही झाले. महाराष्ट्राने २०१८ च्या २३ मार्चला प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. केंद्र शासनाने २०२१ च्या ऑगस्टमध्ये नियम दुरुस्त केले आणि २०२२ च्या १ जुलैपासून एकदाच वापरायच्या काही वस्तू देशभर बंद झाल्या. पिशवीची किमान जाडी आधी ७५, मग १२० मायक्रॉन झाली. बंद झालेल्या वस्तूंची यादी मी मुद्दाम बारकाईने वाचली. कान साफ करायच्या काड्या, फुग्याच्या काड्या, आइस्क्रीमच्या काड्या, पेले, ताटल्या, चमचे, पेय ओढून घेण्याच्या नळ्या. मिठाईचे डबे, निमंत्रणपत्रिका आणि सिगारेटची पाकिटे यांवर गुंडाळायची पातळ चादरही त्यात आहे. पाण्याच्या बाटल्यांच्या गठ्ठ्यावरची चादर मात्र त्या यादीत नाही. कडीपट्टीही नाही, पण ती येथे नव्हतीच, तेव्हा त्याचे नवल नाही. मिठाईच्या डब्यावरची चादर आणि बाटल्यांच्या गठ्ठ्यावरची चादर यांत नदीच्या दृष्टीने काय फरक आहे, हे मला कळलेले नाही. हलवायापेक्षा बाटलीवाला मोठा, हा फरक असेल तर तो नियमात लिहिलेला नाही.

आणि आता संत्र्याविषयी एक शेवटची गोष्ट. शहरातल्या मोठ्या दुकानांत हल्ली संत्री नारिंगी रंगाच्या प्लास्टिकच्या जाळीत मिळतात. वर गाठ, खाली गाठ, मध्ये दहा-बारा फळे. हवा खेळते, फळ दिसते, हातात धरून नेता येते. आकाराने ते हुबेहूब शिंके आहे. फक्त ते कापल्याशिवाय उघडत नाही आणि एकदा कापले की पुन्हा उपयोगी पडत नाही. संत्र्याच्या झाडाखाली जन्मलेल्या मुलाला उद्या शिंके म्हणजे काय हे समजावून सांगायचे झाले, तर शिक्षकाला हीच जाळी दाखवावी लागेल.

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये छिंदवाड्यातून वेगळा होऊन पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. सौंसर आणि पांढुर्णा हे दोन मराठी तालुके या नव्या जिल्ह्यात आले. या जिल्ह्याचे गॅझेटियर जेव्हा लिहिले जाईल तेव्हा त्यात संत्र्याचे क्षेत्र, कापसाचे उत्पादन, बोरगावचे कारखाने हे सर्व येईलच. बुरुडाच्या टोपलीच्या तळाची वीण आणि काठाची वीण यांना तो कोणती नावे देतो, कामटी किती रुंद काढतो, संत्र्याच्या टोपलीला आणि कोंबड्या झाकायच्या डाल्याला वीण वेगळी का असते, हे मात्र कोणत्याही कचेरीतल्या कागदावरून मिळणार नाही. ते सांगू शकणारी माणसे दोन्ही तालुक्यांत अजून आहेत, आणि ती माझ्याहून तरुण नाहीत. शाळेच्या आठवी-नववीच्या मुलामुलींनी या दिवाळीच्या सुटीत वही घेऊन त्यांच्याकडे जावे, अशी विनंती मी मुख्याध्यापकांना केली आहे. वह्या तपासण्याचे काम मी करीन.